आईची साक्ष

‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करताना जी संज्ञा वापरली, तिचा तो चोख प्रतिशब्द. तरी मला खटकतो. मूल स्वतःतच रमले आहे, हाक मारली की येईल, असे त्यातून वाटते. कुकरची शिट्टी होताच कानांवर हात ठेवणारे मूल बाहेरचे जग आपल्यापेक्षा जास्तच ऐकत असते! स्वमग्न मुलांसाठीच्या कामात नव्याने येणाऱ्यांचे या पुस्तकात स्वागत करताना शब्दापाशी रेंगाळायचे कारण एवढेच, की इथे तपासणीचे मुख्य साधन शब्दच आहेत.

स्वमग्नतेचे निदान रक्त तपासून किंवा एमआरआय काढून होत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी ४० बाबींची. मुलाला पाहून आणि पालकांना विचारून ती भरायची. नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याची आई घरी कोकणा बोलते, बागलाणची अहिराणी. तिला पुस्तकी मराठीत ‘मूल सामाजिक प्रतिसाद देते का?’ असे विचारले, तर ती ‘हो’ म्हणून मोकळी होते. ‘खाऊ हवा असला की बोट दाखवतो, का तुमचा हात धरून डब्याकडे नेतो?’ असे विचारून पाहा. ती अर्धा तास सांगत राहील.

नाशकात विशेष मुलांचे काम उभे केले तेही एका आईनेच. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ट्रस्ट सुरू केला. स्वमग्नता तेव्हा कोणत्याच कायद्यात नव्हती; १९९५च्या अपंग कायद्यातही नाही. ती १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली, मग २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे. त्याचे तपासणी पथक अंगणवाडीत येते, शंका आली की जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देते. इथवर ठीक. पण थेरपी म्हणजे एकदा टोचून संपणारी लस नव्हे. आठवड्यातून दोनदा एसटीने नाशिक गाठायचे, तर रोज बुडतो; आणि द्राक्षहंगामात अख्खे घर दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला उतरते, तेव्हा चिठ्ठीवरचा पत्ताही खोटा ठरतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यातून थेरपीचा खर्च मिळू शकतो, बुडालेला रोज मिळत नाही.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणूनच एसटीच्या वेळापत्रकापासून सुरू होते. लक्षणे तिसऱ्या प्रकरणात येतील.