उस्ताद महमूद मोहम्मद ताहा : सुदानचा एक वादग्रस्त विचारवंत

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जंगले, वाळवंट आणि फार तर ईजिप्तचे पिरॅमिड उभे राहतात. इब्न बतूता व इब्न खल्दून हे दोघेही आफ्रिकेच्या भूमीत जन्मले, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? अलीकडच्या काळातील आफ्रिकी मुस्लिम विचारवंतांविषयी तर आपण जवळजवळ अनभिज्ञच आहोत. अशाच एकाचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव अनेकांना रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे.

महमूद मोहम्मद ताहा यांचा जन्म १९०९ साली सुदानमधील निळ्या नाईल नदीच्या काठी वसलेल्या रुफाआ या गावी झाला. हे गाव लहान खरे, पण शिक्षणाच्या इतिहासात त्याला मान आहे. बाबिकर बद्री नावाच्या गृहस्थांनी १९०७ साली येथेच स्वतःच्या घरातील व शेजारपाजारच्या मुलींना घेऊन मुलींची शाळा सुरू केली. इंग्रज अधिकारीसुद्धा त्या वेळी बिचकत होते, मग गावकऱ्यांची काय कथा! अशा गावात ताहा वाढले. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. तरीही शिक्षण सुटले नाही. खार्टूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजातून १९३६ साली ते स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडले आणि रेल्वेत नोकरीला लागले. पुढे नोकरी सोडून ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रिपब्लिकन पक्ष स्थापन केला. सुदानने ब्रिटन किंवा ईजिप्त यांपैकी कोणाच्याही छत्राखाली न राहता स्वतंत्र प्रजासत्ताक व्हावे, ही त्यांची मागणी होती.

१९४६ साली एक विलक्षण प्रसंग घडला. मुलींच्या सुंतेच्या एका क्रूर प्रकारावर इंग्रज सरकारने कायद्याने बंदी घातली होती. आपल्या मुलीची सुंता केली म्हणून रुफाआतील एका आईला तुरुंगात टाकण्यात आले. ताहांनी मशिदीत भाषण केले, जमाव निघाला आणि त्याने त्या बाईला सोडवून आणले. ताहांना दोन वर्षांची शिक्षा झाली. या रूढीचे ते समर्थक होते काय? मुळीच नाही. वाईट चाल बाईला शिकवून शहाणी केल्याने जाते, परक्या सरकारने तिला कोठडीत डांबल्याने जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरी विरोधकांनी हा प्रसंग त्यांच्याविरुद्ध आयुष्यभर वापरला.

तुरुंगात आणि सुटकेनंतर रुफाआत त्यांनी एकांतवास पत्करला. रोजे, इबादत आणि चिंतन यांत ते बुडून गेले. १९५१ साली बाहेर आले ते राजकीय पुढारी म्हणून नव्हे, तर एक नवा विचार घेऊन. १९६७ साली 'इस्लामचा दुसरा संदेश' या अर्थाच्या अरबी नावाने त्यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला.

विचार थोडक्यात असा. मक्केत अवतरलेल्या आयतींत सर्व माणसांना उद्देशून समता आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य सांगितले आहे. मदिनेतील आयतींत त्या काळच्या समाजासाठी कायदेकानून आले. नंतरच्या आयतींनी आधीच्या हुकमांना बाजूला सारले, असे उलेमा नासिख-मनसूखच्या शास्त्रात मानतात. ताहा म्हणाले, बाजूला सारले म्हणजे रद्द केले नव्हे, पुढे ढकलले. सातव्या शतकातील माणसाला जे झेपले नाही, ते विसाव्या शतकातील माणसाला झेपू शकते. म्हणून स्त्री-पुरुष समता आणि मुस्लिम-मुस्लिमेतर समता हाच मूळ संदेश. नमाजासंबंधीही त्यांनी स्वतःविषयी असे काही दावे केले की त्यांचे चाहतेही गोंधळले.

प्रस्तुत लेखकाला हा सिद्धांत पटत नाही. हजरत पैगंबर (स.) यांच्या मदिनेतील जीवनातही दया, करार व न्याय ओतप्रोत आहेत; त्याचे असे दोन तुकडे कसे करायचे? आणि कोणता हुकूम कोणत्या शतकासाठी, हे ठरवायचे कोणी? पण हे प्रश्न विचारायला ग्रंथ वाचावा लागतो. खार्टूमच्या शरीयत न्यायालयाने नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांना मुर्तद ठरविले. ताहा हजर राहिले नाहीत. त्या न्यायालयाचा अधिकार विवाह, वारसा अशा बाबींपुरताच होता, त्यामुळे निकाल कागदावर राहिला. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांच्यावरही कुफ्राचे फतवे निघाले होते, पण अलीगढचे कॉलेज उभे राहिले ते राहिलेच.

ताहांना त्यांचे अनुयायी 'उस्ताद' म्हणत. ओमदुर्मानमधील त्यांचे घर साधे, मातीचे होते. त्यांच्या चळवळीतील मुली रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून पुस्तिका विकत, व्याख्याने देत आणि लोकांच्या टोमण्यांना शांतपणे उत्तरे देत. सुदानमध्ये असे दृश्य कोणी पाहिले नव्हते. एक गोष्ट मात्र खटकते. १९६९ साली लष्करी बळावर सत्तेवर आलेल्या जाफर निमेरींना या मंडळींनी बरीच वर्षे पाठिंबा दिला. इतर पक्षांपेक्षा बरा, हा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. सप्टेंबर १९८३ मध्ये निमेरींनी घाईघाईने शरीयतच्या नावाने कायदे लागू केले. हातपाय तोडण्याच्या व फटक्यांच्या शिक्षा सुरू झाल्या. दक्षिणेत, जेथे मुस्लिमेतर बहुसंख्य होते, त्याच वर्षी यादवी पुन्हा पेटली. ताहा व त्यांचे सहकारी खटल्याविना तुरुंगात होते. ते डिसेंबर १९८४ मध्ये सुटले. आठवडाभरातच, २५ डिसेंबरला, त्यांनी पत्रक काढले. मागण्या अशा : हे कायदे मागे घ्या, कारण त्यांनी इस्लामची बदनामी होते, दक्षिणेतील रक्तपात थांबवा, लोकांना बोलू द्या. एका पत्रकापायी ५ जानेवारी १९८५ रोजी त्यांना अटक झाली. खटला ७ जानेवारीला चालला आणि ८ जानेवारीला फाशीची शिक्षा झाली. ताहांनी न्यायालयाला सहकार्य नाकारले. धर्मत्यागाचा आरोप मुळात नव्हताच, तो अपील न्यायालयाने मागाहून जोडला. सोबतच्या चौघांना तौबा करण्यास मुदत मिळाली. त्यांनी ती केली आणि ती दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली.

शुक्रवार, १८ जानेवारी १९८५ रोजी सकाळी कोबर तुरुंगाच्या आवारात, जमलेल्या गर्दीसमोर, पंच्याहत्तरी गाठलेल्या त्या वृद्धाला फाशी देण्यात आली. प्रेत हेलिकॉप्टरने वाळवंटात नेऊन अज्ञात जागी पुरले. अवघ्या अकरा आठवड्यांनी, ६ एप्रिल १९८५ रोजी, जनतेच्या उठावानंतर निमेरींची सत्ता कोसळली. ताहांची कन्या अस्मा हिने दाद मागितली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्दबातल ठरविली. तरीही १९९१ च्या दंडसंहितेत धर्मत्यागाला देहान्ताची शिक्षा लिहिली गेली. ते कलम २०२० साली काढण्यात आले. त्यांचे शिष्य, कायद्याचे प्राध्यापक अब्दुल्लाही अन-नईम यांनी केलेले ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. इंग्रजी येणाऱ्या आपल्या शिक्षकांनी ते मिळवून वाचावे, आणि मतभेद असेल तेथे समासात खुशाल लिहावे.