परिशिष्टातील राज्यघटना

बोस्निया-हर्झेगोव्हिना या देशाची राज्यघटना एका तहाच्या कागदपत्रांत आहे. त्या तहाचे चौथे परिशिष्ट, तीच त्या देशाची घटना! आपल्या घटनासमितीला जवळजवळ तीन वर्षे खल करावा लागला. येथे सारा व्यवहार २१ दिवसांत उरकला.

अर्थात त्यामागे प्रेतांचा ढीग होता. १९९२ ते १९९५ या काळात सुमारे १ लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनिका येथे ८ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे ठार करण्यात आले. त्यानंतर नोव्हेंबरात अमेरिकेतील डेटन गावाजवळच्या विमानतळावर, लष्करी पहाऱ्यात, तिघांना एकत्र बसविण्यात आले. त्यांपैकी इझेत्बेगोविच तेवढे बोस्नियाचे. मिलोशेविच सर्बियाचे व तुज्मान क्रोएशियाचे अध्यक्ष. मसुदा इंग्रजीत होता. जनतेचा कौल कोणी घेतला नाही. १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसला सह्या झाल्या आणि घटना अमलात आली.

या तहाने युद्ध थांबले व ते पुन्हा पेटले नाही. हे श्रेय नाकारणारा मनुष्य तेथील आयांना विचारून पाहो. परंतु तह करणाऱ्यांना लढणाऱ्यांची समजूत घालावयाची असते, नागरिकांची नव्हे; आणि तीच दृष्टी घटनेत उतरली. देश एक, पण त्याचे दोन विभाग : ५१ टक्के भूमी संघराज्याकडे, ४९ टक्के सर्ब प्रजासत्ताकाकडे. राष्ट्राध्यक्षपदी एक व्यक्ती नाही, तीन : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. वरिष्ठ सभागृहात १५ सभासद, प्रत्येक समाजाचे ५. एखादा ठराव आपल्या जिव्हाळ्याच्या हितास बाधक आहे, असे कोणत्याही समाजाच्या सभासदांनी बहुमताने ठरविले की, तो अडलाच म्हणून समजा. युद्धातील खंदक सभागृहात आले, इतकेच.

मग या तिन्हींत जे नाहीत, त्यांचे काय? घटनेच्या उपोद्घातात त्यांना 'इतर' म्हटले आहे. देर्वो सेज्दिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे यहुदी. दोघांनाही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा अधिकार नाही! ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०२४ साल सरले, तरी त्यानुसार घटना बदललेली नव्हती. निकाल लागला तेव्हा फिन्सी स्वित्झर्लंडमध्ये त्याच देशाचे राजदूत होते.