चौकटीतलं उत्खनन

आमच्या भंडाऱ्याच्या घरातल्या बैठकीची चौकट वयानं घरापेक्षा मोठी आहे. घर माझं, चौकट आईच्या माहेरची. ते गाव वैनगंगेच्या काठी होतं. 'होतं' असंच म्हणायचं. कारण 22 एप्रिल 1988 ला पवनीजवळ गोसे इथं राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे काठावरच्या कित्येक गावांबरोबर तेही बुडितात गेलं. निघताना लोकांनी भांडी नेली, देव नेले. मामानं सागवानी चौकट ट्रॅक्टरवर घालून माझ्या दारात आणून उतरवली. "ठेव बापू. घर त आनता आलं नाही," एवढंच म्हणाला.

सागवान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चकाकतं लाकूड येईल. इथं रंगाचे थर इतके की कोरलेले मोर फुगून कोंबड्यांसारखे दिसत. यंदा सौभाग्यवतींनी फर्मान काढलं, "एक तर हे खरवडा, नाहीतर पाहुणे आले की चौकटीपुढे तुम्ही उभे राहा." दुसरा पर्याय मला परवडणारा नव्हता. मी रंगाऱ्याची पट्टी आणली.

आधी कोपऱ्यात बोटभर जागा पायरीपायरीनं खरवडली. वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली निळा आणि तळाशी काळपट तेलाचा हात. तेवढ्यात मामा आला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि वाचायला लागला, "हा चाकलेटी माया लग्नातला, चौऱ्याहत्तरचा. हिरवा तुया मायच्या लग्नातला, अठ्ठावनचा. निळा बावनचा, बाबानं दिवाळीले मारला. खालचं तेल घर बांधलं तवाचं, इंग्रजाच्या राज्यातलं."

मी मनाशी हिशेब मांडला आणि चाट पडलो. तेलाचा हात मध्य प्रांत-वऱ्हाडातला. निळा मध्य प्रदेशातला, तेव्हा राजधानी नागपूर. हिरवा द्वैभाषिक मुंबई राज्यातला, 1956 ते 1960 च्या दरम्यानचा. चॉकलेटी महाराष्ट्रातला. चौकट भिंतीतून तसूभर हलली नाही आणि चार राज्यं फिरून आली! पुढे 1999 च्या 1 मे रोजी गोंदिया वेगळा झाला, पण तेव्हा तिला कुणी रंगच दिला नाही.

"आता खरवडू ना, मामा?"

"गाव पान्यात गेलं. रंग तेवढा रायला. तोबी खरवडतं काय रे?"

मी पट्टी खाली ठेवली. पण रंग तसाच ठेवण्यातही धोका होता. जुना तेलरंग म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल आणि त्यात घोटलेला सफेदा. जवस आपण चटणीत खातो, त्याचं भय नाही. पण सफेदा म्हणजे शिसं, शेंदराचा सख्खा भाऊ. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्षात 90 भागांची मर्यादा लागू झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगाचा भरवसा कोण देणार? त्यातून शिशाच्या रंगाची चव गोडसर. पोपडे निघाले होते आणि आमचा नातू जे दिसेल ते तोंडात घालतो.

उपाय सापडला तो पवनीत. तिथं जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. उत्खनन करणारी मंडळी सगळी माती कधीच उपसत नाहीत. मधे एक बांध राखतात. थर खरे की खोटे, ते पुढच्यांना तपासता यावं म्हणून.

मग मीही बांध राखला. नातवाला आठवडाभर आजोळी धाडलं. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, नाकाला मास्क लावला. कोरडा पॉलिश पेपर नाही, शेगडीची आच नाही. धूळ आणि वाफ दोन्ही विषारी. पाणी मारत, ओलं ओलं खरवडत गेलो. मोर पुन्हा मोर झाले. वर जवसाच्या तेलाचा हात दिला, तशी बैठकीला चटणीचा वास सुटला. तेलाच्या चिंध्या मात्र बाहेर पसरून वाळवल्या. गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.

उजव्या बाजूला, नातवाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, वीतभर पट्टी सोडली आहे. चारही थर दिसतात. वरून पारदर्शक वॉर्निश.

पाहुणे विचारतात, "एवढं राहिलं का हो?"

मी मामाकडे पाहतो. तो म्हणतो, "राहलं नाही जी. ठेवलं."