उरलेल्या अन्नाचा मान

मंडळाच्या चिटणीसबाईंनी "स्मरणिकेसाठी तुम्हीही चार ओळी लिहाच" असा आग्रह धरला, तेव्हा माझी गाळणच उडाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यातून इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह! पण चुलीवरच्या पदार्थालाही इतिहास असतो हे मला गेल्या वर्षी कळले. तोच भगिनींना सांगते.

माझी धाकटी जाऊ अमेरिकेत असते. गेल्या दिवाळीला ती आली होती. एका रविवारी पाहुणे येणार म्हणून मी जास्त कोंबडी आळणी शिजवली. पाहुणे आलेच नाहीत. निम्मी फ्रीजमध्ये राहिली. सोमवारी सवयीप्रमाणे ती मी माझ्यापुरती बाजूला काढली. आमच्याकडे रीतच तशी. ताजे सर्वांना, शिळे घरच्या बाईला. सासूबाईंनी तेच केले, मीही बावीस वर्षे तेच करीत आले.

जाऊ म्हणाली, "ताई, आण ते इकडे. आज सगळ्यांना पॉट पाय करून घालते."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोंबडीचे पाय कसले खायला घालतेस?" आम्ही पोट धरून हसलो. पॉट म्हणजे भांडे आणि पाय म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ.

तो खाल्ल्यावर मला त्याच्या कुळाची चौकशी करावीशी वाटली. मुलीने इंग्रजी पुस्तकांतून माहिती काढून मला मराठीत सांगितली.

हा पदार्थ मूळचा इंग्लंडकडचा. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडे पिठाच्या जाड भिंती उभारून त्यांत मांस भाजीत. त्या पिठाच्या कवचाला पेटी या अर्थाचाच शब्द होता. म्हणजे पीठ हेच भांडे! 1747 साली हॅना ग्लास या बाईंनी स्वयंपाकाचे पुस्तक छापले. त्यात नाताळचा एक पाय आहे. टर्की, हंस, कोंबडी, तित्तिर आणि कबुतर असे पाच पक्षी एकात एक घालून तो करीत. असे पाय पेटीत घालून लंडनला भेट पाठवीत, म्हणून भिंती मजबूत हव्यात असे त्या बजावतात. त्या पुस्तकावर मात्र बाईंचे नाव नव्हते. नुसते "एका स्त्रीने लिहिलेले" एवढेच होते.

पुढे हा पदार्थ अमेरिकेत गेला. तिथे 1796 साली अमेलिया सिमन्स यांचे पुस्तक निघाले. त्या स्वतःला अनाथ म्हणवीत. त्यांच्या पायला सहा कोंबड्या आणि दीड पौंड लोणी लागे. म्हणजे तोवर हा श्रीमंती थाटच होता.

मग तो उरलेल्या कोंबडीवर कसा आला? पूर्वी तिकडेही कोंबडी मुख्यतः अंड्यांसाठी पाळीत. मांस महाग, म्हणून उरलेला तुकडाही वाया घालवून चालत नसे. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, अमेरिकन सरकारने अन्नखाते काढले. हर्बर्ट हूवर त्याचे प्रमुख. अन्न वाया घालवणार नाही अशी प्रतिज्ञापत्रे घरोघरच्या गृहिणींकडून भरून घेतली. कोंबडी स्वस्त व्हायला सुरुवात झाली तीही एका गृहिणीमुळेच. 1923 साली डेलावेअर राज्यातल्या सीलिया स्टील यांनी 50 पिल्ले मागवली आणि चुकून 500 आली. बाईंनी ती परत न करता वाढवून मांसासाठी विकली. 1926 पर्यंत त्यांनी 10,000 पक्ष्यांची जागा उभारली. 1951 साली स्वॉन्सन कंपनीने गोठवलेला तयार पायच बाजारात आणला. तरी नोव्हेंबरातल्या सणाची टर्की उरली की अजूनही तिकडे घरोघरी पाय होतो.

आता कृती. दोन वाट्या शिजलेल्या कोंबडीची हाडे काढावीत. बटाटा, गाजर, मटार वाफवून घ्यावेत. लोण्यात कांदा परतून दोन चमचे मैदा भाजावा, वाटीभर आळणी रस्सा व थोडे दूध घालून दाट करावे. त्यात कोंबडी, भाज्या, मीठ, मिरपूड घालून चांगली उकळी आणावी आणि पसरट भांड्यात ओतावे. दीड वाटी मैद्यात अर्धी वाटी गार लोणी चोळून गार पाण्याने घट्ट भिजवावे. त्याची जाड पोळी लाटून भांड्यावर झाकणासारखी बसवावी व वाफेसाठी चिरा द्याव्यात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, तिवईवर भांडे ठेवून, झाकण लावून पाऊण तास भाजावे. वरचा रंग फिका राहतो, पण पोळी खुसखुशीत होते. अन्न रात्रभर बाहेर राहिलेले असेल तर मात्र वापरू नये.

त्या सोमवारी भांडे मधोमध ठेवले आणि यजमानांनी, मुलांनी, सर्वांनी त्यातूनच वाढून घेतले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण दोघी हे मागे बसून एकट्याच खात होतो गं."

मी काहीच बोलले नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे उरलेले अन्न कोणा एकीच्या ताटात जात नाही. फोडणीची पोळी असो की फोडणीचा भात, सर्वांच्या पानांत थोडे थोडे वाढले जाते. भगिनींनो, पाय करा अथवा करू नका, पण एवढे मात्र आपापल्या घरी करून पाहा.