स्तन कर्करोग, आनुवंशिक

मातेकडून किंवा पित्याकडून आलेल्या सदोष जीनाशी निगडित असलेला व एकाच कुटुंबातील अनेक स्त्रियांना, बहुधा तुलनेने लहान वयात, होणारा स्तनाचा कर्करोग. स्तन कर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी सु. ५ ते १० टक्के रुग्णांतच तो असा आनुवंशिक असतो. तथापि आई, मावशी वा बहीण या रोगाने गेलेली जिने पाहिली आहे, त्या स्त्रीच्या दृष्टीने हे अल्प प्रमाण गौण ठरत नाही. निदान होताच तिला स्वतःच्या उपचारांबरोबरच आपल्या बहिणींचा व मुलींचाही विचार करावा लागतो.

इतिहास : फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद पॉल ब्रॉका (१८२४–८०) यांनी १८६६ मध्ये अर्बुदांवरील आपल्या ग्रंथात एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची हकीकत दिली. तीतील २४ स्त्रियांपैकी १० स्त्रिया स्तन कर्करोगाने मृत्यू पावल्या होत्या. हे कुटुंब त्यांच्या पत्नीचे होते, असे मानले जाते. ग्रेगोर मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पण १९०० पर्यंत तो दुर्लक्षितच राहिला. त्यामुळे ब्रॉका यांच्या निरीक्षणास सैद्धांतिक आधार मिळू शकला नाही.

अमेरिकन वैद्य हेन्री लिंच (१९२८–२०१९) यांनी कर्करोगग्रस्त कुटुंबांच्या वंशावळी चिकाटीने जमविल्या. काही कुटुंबांत स्तनाचा व अंडकोशाचा कर्करोग एकत्र आढळतो, हे त्यांनी दाखवून दिले. मेरी-क्लेअर किंग (१९४६– ) यांनी २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांचा अभ्यास करून लहान वयात होणाऱ्या कौटुंबिक स्तन कर्करोगाचा संबंध १७ व्या गुणसूत्राच्या एका भागाशी असल्याचे १९९० मध्ये सिद्ध केले. त्या भागातील ‘बीआरसीए-१’ हा जीन १९९४ मध्ये आणि १३ व्या गुणसूत्रावरील ‘बीआरसीए-२’ हा जीन १९९५ मध्ये हाती आला. हे दोन्ही जीन डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची निर्मिती घडवितात. त्यांत दोष असल्यास बिघाड साचत जाऊन कोशिका कर्करोगी होऊ शकते.

या जीनांवर अमेरिकेत पेटंट देण्यात आल्यामुळे तेथे त्यांची चाचणी दीर्घकाळ एकाच कंपनीच्या हाती राहिली. निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला व हा मक्ता संपुष्टात आला.

निदान व निर्णय : सदोष जीन असणाऱ्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तन कर्करोग होण्याची शक्यता सु. ७० टक्के असते. प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. चाचणी शक्यतो प्रथम रुग्ण स्त्रीचीच करतात. कारण तिच्यातील दोष निश्चित कळला, तरच आप्तांच्या चाचणीचा अर्थ नेमका लावता येतो. ज्या आप्तात तो दोष नसतो, तिचा धोका बहुधा सर्वसाधारण स्त्रीइतकाच असतो. दोष आढळल्यास वारंवार तपासणी अथवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. स्तन काढून टाकल्याने धोका सु. ९० टक्क्यांनी घटतो. परंतु हा निर्णय त्या स्त्रीने समुपदेशनानंतर स्वतःच घ्यावयाचा असतो. ओलापारिब या औषधाचा उपयोग अशा काही रुग्णांत २०१८ पासून होऊ लागला.

कौटुंबिक आढळ म्हणजे केवळ आनुवंशिकता नव्हे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीत पारशी स्त्रियांत या रोगाचे प्रमाण अधिक आढळले, तेव्हा उशिराचा विवाह व अल्प अपत्यसंख्या या कारणांचाही विचार करावा लागला. बहुसंख्य रुग्ण स्त्रियांच्या निकटच्या आप्तांत हा रोग आढळत नाही. म्हणून कुटुंबात रोग नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे; तसेच तो असणे म्हणजे अटळ भवितव्यही नव्हे.