मराठवाड्यातील भीमगीते

भीमगीत हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवन व विचार सांगणारा मराठी लोकप्रिय गीतप्रकार आहे. मराठवाड्यात, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे, विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनामुळे या गीतांना स्वतंत्र भावार्थ प्राप्त झाला. कृतज्ञता, शोक आणि स्वाभिमान या तीन भावना त्यांत एकत्र आढळतात.

पार्श्वभूमी

आंबेडकरी जलशांतून या गीतप्रकाराचा विकास झाला. कवी-गायक वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी तो गावोगावी पोहोचवला. औरंगाबादेत १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील दलित विद्यार्थी शिक्षणासाठी या शहरात आले. शिक्षणाने पालटलेले आयुष्य हा भीमगीतांचा एक प्रमुख विषय आहे.

नात्याची भाषा

भीमगीतांत बाबासाहेब हे केवळ नेते नसतात. ते बाप, माय किंवा भाऊ असतात. ही भाषा स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांतही दिसते. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील स्त्रियांच्या अशा ओव्या गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या संग्रहप्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. रमाबाई आंबेडकर (मृत्यू १९३५) यांच्यावरील गीतांत त्यांनी सोसलेले दारिद्र्य येते. श्रोत्या स्त्रीला त्यात स्वतःचे कष्ट ओळखू येतात. घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे हे गाणे असल्याने ६ डिसेंबर १९५६ चे महापरिनिर्वाण पुढील पिढ्यांनाही स्वतःच्या घरातील दुःखासारखे वाटते.

नामांतर आंदोलन

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ साली गौतम वाघमारे यांनी नांदेड येथे आत्मदहन केले. सुमारे सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला.

या काळापासून भीमगीतांत शहिदांचे स्मरण आले. मागणी नामांतराची होती, निर्णय नामविस्ताराचा झाला. म्हणून या विषयावरील गीतांमध्ये विजयाच्या आनंदासोबत गमावलेल्या माणसांची सलही व्यक्त होते. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमणाऱ्या जनसमुदायासमोर ही गीते गायली जातात.

चाल आणि आशय

अनेक भीमगीते लोकगीतांच्या, कव्वालीच्या किंवा हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात. ओळखीची चाल लवकर पाठ होते आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंतही इतिहास पोहोचतो. त्यामुळे ठेका नाचाचा आणि आशय अन्यायाचा, असे अनेकदा घडते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतील नाच हा केवळ जल्लोष नसतो. पूर्वी ज्यांना सार्वजनिक रस्त्यावर मानाने चालण्याची मुभा नव्हती, त्यांनी त्याच रस्त्यावर उघडपणे व्यक्त केलेला तो आनंद असतो.

सद्यस्थिती

गायन पार्ट्या व ध्वनिफितींनंतर ही गीते भ्रमणध्वनी आणि समाजमाध्यमांवर आली. छत्रपती संभाजीनगर येथील कडूबाई खरात यांचे एकतारीवरील गायन याच मार्गाने महाराष्ट्रभर पोहोचले. माध्यमे बदलली असली, तरी मिळालेल्या माणूसपणाची कृतज्ञ नोंद ठेवणे, हे या गीतांचे मूळ प्रयोजन कायम आहे.