शर्यतीची वाट आणि तिचें गांठोडें



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या नातवानें संगणकावरील एका खेळासाठीं शर्यतीची मोटार स्वतः तयार केली आणि ती आपल्या मित्राकडे धाडली. मित्राच्या पडद्यावर मोटार उभी राहिली, पण तिच्या अंगावर रंग नव्हता. रंगाचें चित्र ज्या फाइलींत होतें ती फाइल पाठवावयाची राहून गेली होती. मग नातवानें सर्व फाइली एका ‘झिप’ फाइलींत बांधून पुन्हा धाडल्या, आणि काम झालें. हें बांधणें कोणीं शोधून काढलें, असें मीं त्याला विचारलें. त्याला सांगतां येईना, आणि मलाही ठाऊक नव्हतें. तेव्हां त्याचा इतिहास मीं वाचून काढला. त्यांतलें जें सांगण्याजोगें वाटलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

शर्यतीची वाट खेळणाऱ्यानें स्वतः आंखावी ही कल्पना जुनी आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८४ सालीं ‘एक्साइटबाइक’ हा खेळ काढला. त्यांत मुलांना उंचवटे व उतार मांडून आपला मार्ग रचतां येई. परंतु तो सांठवून ठेवण्यास वेगळें विकत मिळणारें कॅसेटचें यंत्र लागे, आणि तें फक्त जपानांतच विकलें जाई. इतर देशांतील मुलांनीं रचलेला मार्ग वीज बंद करतांच नाहींसा होई. रचना होती, पण ती दुसऱ्याला देण्याची सोय नव्हती.

ती सोय पुढें झाली. १९९० सालीं कॅनडांतील डिस्टिंक्टिव्ह सॉफ्टवेअर या मंडळींचा ‘स्टंट्स’ हा खेळ आला. त्यांत मार्ग आंखण्यासाठीं ३० उभ्या व ३० आडव्या ओळींचा, म्हणजे ९०० घरांचा पट असे. प्रत्येक घरासाठीं एक अंक रस्त्याचा व एक अंक जमिनीचा, अशा हिशेबानें सारा मार्ग अवघ्या १,८०२ बाइटांत मावे. एक बाइट म्हणजे इंग्रजीचें एक अक्षर, असें समजावें. अशा शेंकडों वाटा एका लहानशा तबकडीवर घालून मित्राच्या घरीं नेतां येत.

इतक्या थोड्या जागेंत मार्ग मावे तो कसा? पत्रानें बुद्धिबळ खेळणारे दोघे जण पट आणि सोंगट्या टपालानें पाठवीत नाहींत. त्या दोघांच्याही घरीं असतात. पत्रांत फक्त खेळी लिहावयाची. ‘स्टंट्स’मध्यें तसेंच होतें. रस्त्याचे तुकडे प्रत्येकाच्या संगणकावर अगोदरच असत. पाठवावयाची ती केवळ मांडणी.

परंतु पुढें खेळ मोठे झाले आणि हौशी रचनाकारांना पटाबरोबर सोंगट्याही स्वतःच्या हव्याशा वाटूं लागल्या. १९९९ सालीं अक्लेम कंपनीचा ‘री-व्होल्ट’ हा खेळ निघाला. त्यांत दूरनियंत्रणाच्या खेळण्यांतल्या मोटारी घरांसमोरच्या रस्त्यांतून, दुकानांतून, संग्रहालयांतून धांवतात. या खेळांतील नवी मोटार म्हणजे एक फाइल नव्हे. शरीराच्या आकाराची एक, चाकांच्या आकाराची दुसरी, रंगाच्या चित्राची तिसरी, आणि वजन, इंजिनाचा जोर, चाकांच्या जागा यांचे आंकडे लिहिलेली चौथी, असा तिचा संसार असतो. तोही ठराविक नांवाच्या कप्प्यांत ठेवावा लागतो. एक वस्तु चुकली कीं माझ्या नातवाच्या मोटारीची गत होते.

या अडचणीवरचा उपाय त्यापूर्वींच तयार होता, आणि तो टेलिफोनच्या बिलापायीं तयार झाला होता. १९७८ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील शिकागो शहरीं वॉर्ड क्रिस्टेन्सेन व रँडी स्यूस यांनीं टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना जोडणारा पहिला सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. पुढें असे फलक गांवोगांव निघाले आणि त्यांवरून फाइलींची देवघेव होऊं लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारांत असलेलें एक मोडेम सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे सुमारें २४० अक्षरें नेई. १,४४,००० बाइटांच्या फाइलीला दहा मिनिटें लागत. ती निम्मी करतां आली तर पांच मिनिटांचा वेळ व पैसा वांचे.

फाइल निम्मी होते ती दोन युक्त्यांनीं, आणि त्या दोन्ही आपल्या घरांत ओळखीच्या आहेत. आपलीं वडील मंडळी पत्राच्या आरंभीं ‘सा. न. वि. वि.’ लिहीत. जो मजकूर वारंवार येतो त्याला आंखूड खूण द्यावी आणि क्वचित् येणारा लांब लिहावा, हें तत्त्व डेव्हिड हफमन या अमेरिकन विद्यार्थ्यानें १९५२ सालीं गणिताच्या नियमांत बसविलें. दुसरी युक्ति भजनाच्या पुस्तकांत सांपडते. ध्रुपद एकदां छापतात आणि पुढें प्रत्येक कडव्याखालीं ‘॥ धृ. ॥’ एवढेंच घालतात. गाणारा मागें पाहून तें पुन्हा म्हणतो. हीच रीति इस्राएलचे जेकब झिव्ह व अब्राहाम लेम्पेल या दोन पंडितांनीं १९७७ सालीं मांडली. मागें आलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा लिहूं नये. किती मागें पहावें व किती अक्षरें घ्यावीं, एवढेंच लिहावें. गाणाऱ्याच्या मुखांतून जसें सबंध भजन निघतें, तशी सोडलेली फाइल मूळच्या फाइलीशीं अक्षरशः जुळते.

या युक्त्यांचें गांठोडें कोणीं बांधलें, ही कथा मात्र थोडी कडू आहे. १९८५ सालीं टॉम हेंडरसन यांच्या सिस्टिम एन्हान्समेंट असोशिएट्स या लहानशा कंपनीनें ‘आर्क’ नांवाचा कार्यक्रम काढला. तो अनेक फाइली एकत्र करी आणि त्याच वेळीं लहानही करी. मिलवॉकी येथील फिल काट्झ या तरुणानें त्याच धर्तीचा, पण फार वेगवान असा कार्यक्रम लिहिला. १९८८ सालीं हेंडरसन यांच्या कंपनीनें स्वामित्वहक्काचा दावा लावला. तो तडजोडीनें मिटला आणि काट्झ यांस पैसे भरावे लागले. तेव्हां त्यांनीं १९८९ सालीं ‘झिप’ हें नवें स्वरूप प्रसिद्ध केलें, आणि त्याचें वर्णन कोणासही वापरण्यास मोकळें ठेवलें. जो इच्छील त्यानें झिप बांधणारा व सोडणारा कार्यक्रम लिहावा, अशी मुभा असल्यामुळें तें सर्वत्र पसरलें. काट्झ १४ एप्रिल २००० रोजीं वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं वारले. हेंडरसन यांचें नांव आज फारच थोड्यांना ठाऊक असेल.

झिपच्या गांठोड्याचा गुण केवळ लहानपणांत नाहीं. त्यांत कप्प्यांचीं नांवें जशींच्या तशीं राहतात. म्हणून तें खेळाच्या घरांत सोडलें कीं मोटार मोटारींच्या कप्प्यांत आणि मार्ग मार्गांच्या कप्प्यांत आपोआप जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या मजकुरावरून काढलेला एक पडताळ्याचा अंक असतो. शाळेंत गुणाकार केल्यावर आम्ही मुलांकडून ताळा करवून घेत असूं, तसाच हा ताळा. वाटेंत एखादें अक्षर बिघडलें तर सोडतेवेळीं तें उघडकीस येतें.

‘री-व्होल्ट’ काढणाऱ्या अक्लेम कंपनीचें २००४ सालीं दिवाळें वाजलें. परंतु खेळाच्या चाहत्यांनीं तो नव्या संगणकांवर चालेल अशी व्यवस्था केली, आणि पगार न घेणाऱ्या माणसांनीं बांधलेलीं मोटारींचीं व मार्गांचीं गांठोडीं हातोहात फिरत राहिलीं. कंपनी बुडाली तरी मुलांच्या हातांतला खेळ सुटला नाहीं.

आतां एक गोष्ट सांगून आटोपतों. झिप फाइल जशीच्या तशी उघडून पाहिली, तर आरंभींचीं दोन अक्षरें ‘पी’ आणि ‘के’ अशीं दिसतात. तीं फिल काट्झ यांच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा असते, तशी ही गांठ मारणाऱ्याची मुद्रा. प्रत्येक गांठोड्याबरोबर ती न सांगतां जाते. पण आंतील मोटार ज्यानें रात्री जागून घडविली, त्याचें नांव असें आपोआप जात नाहीं. तें एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून आंत घालावें लागतें. आणि दुसरा कोणी तें गांठोडें सोडून पुन्हा बांधूं लागला कीं सर्वांत अगोदर गळते ती हीच फाइल. मोटार तिच्यावांचूनही धांवते, म्हणून तिची उणीव कोणाला भासत नाहीं. संगणकाचा ताळा अक्षर चुकल्याचें सांगतो. नांव गळल्याचें सांगत नाहीं.

हें मीं नातवाला सांगितलें, तेव्हां त्यानें आपलें गांठोडें पुन्हा सोडलें. मोटारीचा आकार त्याचा स्वतःचा होता, पण चाकें दुसऱ्या कोणा मुलानें केलेलीं होतीं. त्यानें एका ओळींत आपलें नांव लिहिलें, दुसऱ्या ओळींत त्या मुलाचें लिहिलें, आणि मग गांठ मारली. त्या दोन ओळींनीं गांठोड्याचें ओझें कांहीं वाढलें नाहीं.